प्लगिनसाठी स्वच्छ सेटअप : काय पुसायचं, काय जपून ठेवायचं

प्रश्न थोडक्यात असा. दिग्रसजवळच्या गावातला शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी इंटेलिजे आयडिया या कोड लिहायच्या प्रोग्रामसाठी (अशा प्रोग्रामला आयडीई म्हणतात) प्लगिन, म्हणजे जोडून वापरायचा छोटा प्रोग्राम, लिहितोय. जावा कोडमधल्या मराठी कॉमेंट शोधून एका बाजूला दाखवणारं हे प्लगिन आहे. आयडीई काढून पुन्हा टाकला तरी जुनं, अर्धवट प्लगिन परत दिसतं. तोच प्रोजेक्ट मित्राच्या लॅपटॉपवर बिल्ड होत नाही, म्हणजे कोडपासून चालणारं प्लगिन तयार होत नाही. लॅपटॉप विंडोजचा, रॅम ८ जीबी, इंटरनेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर आणि विजेच्या लाइनचा भरवसा नाही. तर लॅपटॉप फॉरमॅट मारून सगळं नव्याने टाकावं का, असं त्यांनी विचारलंय.

भाऊ, फॉरमॅट मारू नका. काही दिवस बरं वाटेल, बराच डेटा जाईल आणि मग हाच गुंता पुन्हा होईल. कचरा साचलाय असं तुम्हाला वाटतंय, पण मूळ अडचण दुसरी आहे. प्लगिनच्या कामात दोन आयडीई असतात. एकात आपण कोड लिहितो आणि दुसऱ्यात तो कोड चालवून बघतो. तुमच्या वर्णनावरून तुमच्याकडे हे दोन्ही एकच झालेत. प्लगिनची झिप तयार केली की तुम्ही ती रोजच्या आयडीईत टाकता आणि प्लगिन बिघडलं की रोजचा आयडीईही बिघडतो.

आता काढून टाकलेलं प्लगिन परत का येतं ते सांगतो. आयडीईचा प्रोग्राम एका जागी असतो, आणि तुमच्या सेटिंग्ज व बाहेरून टाकलेली प्लगिन्स दुसऱ्याच जागी. विंडोजवर ती तुमच्या युजर फोल्डरमधल्या अ‍ॅपडेटा-रोमिंग-जेटब्रेन्स या वाटेवर असतात (जेटब्रेन्स ही इंटेलिजे बनवणारी कंपनी), प्रत्येक आवृत्तीचं वेगळं फोल्डर करून. इंडेक्स आणि कॅश अ‍ॅपडेटा-लोकल-जेटब्रेन्समध्ये जातात. अनइन्स्टॉल करताना सेटिंग्ज पुसायच्या का असं विचारतात, तिथे खूण केली नाही तर ते फोल्डर तसंच राहतं. शिवाय आयडीईची पुढची आवृत्ती टाकली की ती जुन्या आवृत्तीतल्या सेटिंग्ज आणि प्लगिन्स सोबत घेऊन येते. म्हणून आधी एवढंच करा: आयडीई बंद करा, त्या आवृत्तीच्या फोल्डरमधल्या प्लगिन्समध्ये जा आणि फक्त तुमच्या प्लगिनचं फोल्डर पुसा. त्याला एक केबीही डेटा लागत नाही.

स्वच्छ सेटअप म्हणजे रिकामं मशिन, असं मी मानत नाही. मी त्यात दोन गोष्टी बघतो. प्रोजेक्ट बिल्ड व्हायला जे लागतं ते सगळं प्रोजेक्टच्याच फायलींत लिहिलेलं असावं. आणि मशिनवर पडलेल्यापैकी काय पुसलं तर आपोआप तयार होतं, काय पुसलं तर पुन्हा डाउनलोड करावं लागतं, हे आपल्याला ठाऊक असावं. चांगलं नेट असलेल्या ऑफिसात या दुसऱ्या गोष्टीकडे कुणी लक्ष देत नाही, कारण तिथे सगळं पुसून पुन्हा उतरवणं सोपं असतं. रोजच्या दीड-दोन जीबीच्या पॅकवर काम करणाऱ्याला मात्र तिच्यावाचून चालत नाही.

पुढचं सगळं तुम्ही कोणत्या आवृत्तीसाठी प्लगिन लिहिताय यावर अवलंबून आहे. ते तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून मी २०२४.२ किंवा त्यापुढची आवृत्ती धरून चालतो. जुन्यासाठी लिहीत असाल तर फरक कुठे पडतो तेही सांगतो.

सगळ्यात आधी सँडबॉक्स. ग्रेडल म्हणजे प्रोजेक्ट बिल्ड करून देणारं साधन. जेटब्रेन्सचं ग्रेडलसाठी एक अधिकृत प्लगिन आहे, त्यात 'रनआयडीई' नावाचा टास्क मिळतो. तो चालवला की दुसरा आयडीई उघडतो. त्याच्या सेटिंग्ज वेगळ्या, कॅश वेगळी, लॉग वेगळा आणि प्लगिन्सचं फोल्डरही वेगळं. त्यात आयडीईसोबत येणारी प्लगिन्स आणि तुमचं प्लगिन एवढंच असतं. नवं वाण आलं की कुणी सगळ्या वावरात पेरत नाही, आधी दोन ओळींत लावून बघतात. सँडबॉक्स म्हणजे त्या दोन ओळी. तिथे प्लगिन कोसळलं, सेटिंग्ज उलट्यापालट्या झाल्या तर सँडबॉक्सचं फोल्डर पुसायचं. ते प्रोजेक्टच्या आतच असतं आणि पुढच्या वेळी फुकटात परत तयार होतं. रोजच्या आयडीईत स्वतःचं प्लगिन काम चालू असताना टाकायचंच नाही, हा नियम मी स्वतः पाळतो आणि सोबत काम करणाऱ्यांनाही पाळायला लावतो. झिप तपासायची वेळ शेवटी येते, तेव्हा ती दुसऱ्याच्या मशिनवर किंवा वेगळ्या विंडोज युजरखाली टाकून बघावी.

तुमच्या मित्राची अडचण बहुधा जावाच्या आवृत्तीत आहे. २०२२.३ ते २०२४.१ या आवृत्त्यांसाठी प्लगिन बनवायला जावा १७ लागतो, २०२४.२ पासून २१. तुमच्या मशिनवर २१ असेल आणि मित्राकडे कॉलेजच्या प्रॅक्टिकलसाठी टाकलेला ८ किंवा ११ असेल. त्यात जावा-होम नावाचा व्हेरिएबल कुठल्या तरी जुन्या फोल्डरकडे बोट दाखवत असतो, तो कुणी तपासत नाही. यावर उपाय म्हणजे ग्रेडलच्या बिल्ड फाइलमध्ये टूलचेन लिहून टाका: या प्रोजेक्टला जावा २१ हवा. मग कम्पाइल करताना ग्रेडल मशिनवर २१ शोधतो आणि नसेल तर काय नाही ते स्पष्ट सांगतो. तो आपोआप डाउनलोड करून घेण्याचीही सोय आहे, पण हॉटस्पॉटवर ती बंद ठेवा आणि जेडीके, म्हणजे जावाचं डेव्हलपमेंट किट, एकदाच हाताने टाका, म्हणजे डेटा कधी जातोय ते तुमच्या हातात राहील. खुद्द ग्रेडल ज्या जावावर चालतो तोही १७ किंवा त्यापुढचा हवा, कारण जेटब्रेन्सचं नवं ग्रेडल प्लगिन त्याखाली चालत नाही.

ग्रेडल स्वतः वेगळा इन्स्टॉल करू नका. प्रोजेक्टमध्ये रॅपर असतो, म्हणजे 'ग्रेडलडब्ल्यू' ही स्क्रिप्ट, तिची छोटी जार फाइल आणि आवृत्ती लिहिलेली प्रॉपर्टीज फाइल. हे सगळं गिटमध्ये, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात, गेलंच पाहिजे. प्रॉपर्टीज फाइलमधल्या पत्त्याच्या शेवटी 'ऑल' असेल तर तिथे 'बिन' करा. 'ऑल'मध्ये ग्रेडलचा सोर्स आणि डॉक्युमेंटेशनही येतं, त्याची आपल्याला गरज नसते.

व्हिडिओ बघून शिकणाऱ्यांसाठी एक सूचना महत्त्वाची आहे. जेटब्रेन्सच्या या ग्रेडल प्लगिनच्या दोन पिढ्या आहेत. पहिलीचं नाव 'ऑर्ग डॉट जेटब्रेन्स डॉट इंटेलिजे' असं संपतं. दुसरीच्या नावाला पुढे 'डॉट प्लॅटफॉर्म' जोडलेलं आहे आणि ती २०२४ मध्ये स्थिर झाली. २०२४.२ पासूनच्या आवृत्त्यांसाठी दुसरी पिढीच वापरावी लागते. जुन्या व्हिडिओतल्या ओळी नव्या प्रोजेक्टमध्ये चिकटवल्या की चुकांची रांग लागते, आणि माणसाला वाटतं आपलं मशिन बिघडलं. हात लावण्याआधी तुमच्या बिल्ड फाइलमध्ये कोणतं नाव आहे ते बघा. दोन पिढ्यांच्या ओळी एकत्र दिसल्या तर ती फाइल दुरुस्त करत बसू नका. जेटब्रेन्सचं 'इंटेलिजे प्लॅटफॉर्म प्लगिन टेम्प्लेट' गिटहबवर आहे, त्यातून नवा सांगाडा घ्या आणि तुमचा सोर्स त्यात हलवा. आयडीईत प्लगिनचा प्रोजेक्ट ओळखणारं 'प्लगिन डेव्हकिट' २०२३.३ पासून आयडीईसोबत येत नाही, मार्केटप्लेसमधून, म्हणजे जेटब्रेन्सच्या प्लगिन मिळण्याच्या जागेवरून, वेगळं टाकावं लागतं. मेनूत तो पर्याय दिसत नाही म्हणूनही अनेकजण आयडीई पुन्हा इन्स्टॉल करतात.

आता डेटाचं. पहिल्या बिल्डला ग्रेडल ज्या आयडीईसाठी प्लगिन लिहायचंय तो अख्खा आयडीई उतरवतो. हे डाउनलोड जीबीच्या हिशेबातलं असतं, आणि डिस्कवर उलगडल्यावर त्याहून बरीच जास्त जागा घेतं. हे सगळं युजर फोल्डरमधल्या 'डॉट ग्रेडल'मध्ये साठतं. काही अडलं की 'डॉट ग्रेडल पुसून टाका' हा सल्ला सगळीकडे मिळतो. तुमच्यासाठी तो सगळ्यात महाग सल्ला आहे. प्रोजेक्टच्या आतलं 'बिल्ड' फोल्डर पुसा, प्रोजेक्टच्या आतलं छोटं 'डॉट ग्रेडल' पुसा, दोन्ही मिनिटांत परत होतात. युजर फोल्डरमधल्याला हात लावायचा तर नेमकी वस्तू शोधून. उदाहरणार्थ, डाउनलोड चालू असताना लाइन गेली, त्यासोबत नेटही गेलं आणि ग्रेडलची झिप अर्धी राहिली, तर 'रॅपर'मधल्या 'डिस्ट्स'खालचं फक्त त्या आवृत्तीचं फोल्डर पुसायचं.

हे डाउनलोड गावात करू नका असं मी सुचवेन. यवतमाळला, अमरावतीला किंवा कॉलेजात, जिथे चांगलं ब्रॉडबँड असेल तिथे एकदा बसा, प्रोजेक्ट उघडा, बिल्ड आणि 'रनआयडीई' दोन्ही पूर्ण होऊ द्या. मग घरी येऊन ग्रेडलला 'ऑफलाइन' हा पर्याय देऊन काम करा. डिपेंडन्सी, म्हणजे प्रोजेक्टला लागणाऱ्या बाहेरच्या फायली, बदलत नाहीत तोवर नेट लागतच नाही. मित्राला तेच सगळं पुन्हा उतरवायची गरज नाही. ग्रेडलच्या कॅशमधलं 'मॉड्यूल्स-२' हे फोल्डर एका मशिनवरून दुसऱ्यावर नेता येतं, तशी सोय ग्रेडलने मुद्दाम दिलेली आहे. पेनड्राइव्हवर घेताना त्यातल्या 'लॉक' शेपटीच्या फायली आणि 'जीसी प्रॉपर्टीज' ही फाइल काढून टाका, आणि दोघांकडे ग्रेडलची आवृत्ती एकच ठेवा. रॅपर एकच असेल तर ती आपोआप एकच राहते.

आणखी एक वाट आहे. तुमच्या मशिनवर आधीच असलेला आयडीई वापर, असं ग्रेडलला 'लोकल' लिहून सांगता येतं. डेटा पूर्ण वाचतो. पण तुमच्या सी ड्राइव्हचा पत्ता बिल्ड फाइलमध्ये लिहिला की मित्राकडे तो प्रोजेक्ट पहिल्याच ओळीला अडणार. म्हणून तो पत्ता युजर फोल्डरमधल्या ग्रेडल प्रॉपर्टीज फाइलमध्ये ठेवा. बिल्ड फाइलमध्ये एवढीच अट लिहा: पत्ता मिळाला तर लोकल घे, नाहीतर अमुक आवृत्ती उतरव. अट लिहिताना लोकल आयडीईची आवृत्ती आणि प्रोजेक्टमध्ये लिहिलेली आवृत्ती एकच ठेवा. तुमचा आयडीई परस्पर अपडेट झाला तर तुम्ही नव्या एपीआयवर, म्हणजे आयडीईने प्लगिनसाठी दिलेल्या नव्या सोयींवर, कोड लिहाल आणि जुन्या आयडीईत तो चालणार नाही. लोकलसाठी आयडीईची वेगळी प्रत ठेवून तिला अपडेट न करणं सगळ्यात बरं.

८ जीबी रॅमवर हे जमतं, पण चार जावा प्रोसेस एकदम चालतात हे लक्षात घ्या: कोड लिहायचा आयडीई, ग्रेडलचा डेमन (मागे चालत राहणारा प्रोग्राम), कॉटलिन या भाषेच्या कम्पायलरचा डेमन आणि सँडबॉक्समधला आयडीई. ग्रेडलचं मूळ हीप, म्हणजे त्याला वापरायला मिळणारी मेमरी, ५१२ एमबी असतं, पण नमुना प्रोजेक्टमध्ये ते कधीकधी बरंच वाढवून ठेवलेलं असतं, ते बघून १ जीबीच्या आसपास आणा. कॉटलिन कम्पायलर वेगळा डेमन न काढता ग्रेडलच्याच प्रोसेसमध्ये चालवता येतो, तसं केलं तर ग्रेडलला थोडं अधिक द्या. सँडबॉक्समध्ये चार-पाच फायलींचा छोटा प्रोजेक्ट उघडा, कॉलेजचा मोठा प्रोजेक्ट उघडू नका; इंडेक्स करताना तोच मशिन खातो. ब्राउझर बंद ठेवा. आणि मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत दुपारी लॅपटॉप तापून संथ होतो. तेव्हा कोड तपासा, वाचा. बिल्ड पहाटे किंवा रात्री लावा.

'मित्राकडे चालत नाही' याचा दुसरा अर्थ असाही असू शकतो की बिल्ड होतं, पण त्याच्या आयडीईत प्लगिन दिसतच नाही. तुमचं प्लगिन जावा कोड वाचतं. म्हणजे प्लगिनची माहिती असलेल्या प्लगिन डॉट एक्सएमएल फाइलमध्ये जावाच्या मॉड्यूलवर अवलंबित्व लिहिलेलं असायला हवं, आणि बिल्ड फाइलमध्ये तेच सोबतचं प्लगिन म्हणून नोंदवायला हवं. मित्र पायचार्म वापरत असेल तर तिथे जावाचा भाग नसतोच, त्यामुळे तुमचं प्लगिन तिथे चालणार नाही आणि ते बरोबरच आहे. दुसरी जागा 'सिन्स-बिल्ड', म्हणजे प्लगिन कोणत्या आवृत्तीपासून पुढे चालेल ते लिहायची नोंद. २०२४.२ चा बिल्ड क्रमांक २४२ ने सुरू होतो. तिथे २४२ लिहिलं आणि मित्राकडे २०२३ ची आवृत्ती असली तर आयडीई ते प्लगिन घेणार नाही.

तुमच्या विषयामुळे देवनागरीबद्दल वेगळं सांगतो. फाइल वाचताना यूटीएफ-८ (देवनागरीसकट सगळ्या लिप्या साठवणारी एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत) प्रत्येक ठिकाणी स्पष्ट लिहा. जावा १८ पासून, म्हणजे २०२२ पासून, काही न सांगता वाचलं तरी यूटीएफ-८ धरलं जातं. त्याआधीच्या जावात विंडोजची स्वतःची एन्कोडिंग धरली जात असे. त्यामुळे जावा १७ वर चालणाऱ्या जुन्या आयडीईत तुमच्या मराठी कॉमेंटच्या जागी चित्रविचित्र अक्षरं दिसतील आणि तुमच्याकडे सगळं ठीक असेल. जावा फायली कम्पाइल करतानाही बिल्ड फाइलमध्ये एन्कोडिंग लिहून ठेवा. विंडोजचा युजर मराठी नावाने किंवा मध्ये जागा सोडून केला असेल तर ग्रेडलचं घर डी ड्राइव्हवर एखाद्या साध्या इंग्रजी नावाच्या फोल्डरमध्ये हलवा. त्यासाठी 'ग्रेडल युजर होम' हा व्हेरिएबल आहे. सी ड्राइव्हवरची जागाही वाचते.

हे सगळं केल्यावर सेटअप खरंच स्वच्छ झाला का, हे तपासायची एक युक्ती आहे आणि तिला डेटा लागत नाही. प्रोजेक्ट गिटमध्ये कमिट करा, मग त्याच लॅपटॉपवर दुसऱ्या फोल्डरमध्ये त्याचा क्लोन, म्हणजे गिटमधून काढलेली नवी प्रत, घ्या आणि तिथे 'बिल्डप्लगिन' हा टास्क ऑफलाइन चालवा. चाललं, तर लागणाऱ्या सगळ्या फायली गिटमध्ये आहेत. नाही चाललं, तर काय राहिलं ते नावानिशी कळेल. मित्राला प्रोजेक्ट देताना अख्ख्या फोल्डरची झिप करू नका, त्यात तुमचं 'बिल्ड' फोल्डर आणि तुमच्या मशिनचे पत्ते जातात. नेट नसेल तर 'गिट बंडल' करून एक फाइल पेनड्राइव्हवर द्या, तिच्यातून क्लोन घेता येतो.

यापुढची तपासणी तुमच्या लॅपटॉपवर करूच नका. 'व्हेरिफायप्लगिन' हा टास्क वेगवेगळ्या आवृत्त्यांशी प्लगिन जुळतं का ते बघतो, पण त्यासाठी त्या आवृत्त्या उतरवतो. गिटहबच्या मशिनवर बिल्ड चालवणाऱ्या 'गिटहब अ‍ॅक्शन्स' या सोयीवर हे काम होतं, सार्वजनिक प्रोजेक्टला फुकट, आणि मघाशी सांगितलेल्या टेम्प्लेटमध्ये त्याची मांडणी तयार आहे. तुम्ही काही केबींचा सोर्स पाठवायचा, जीबींची ओढाताण तिकडचं मशिन करतं. ते मशिन प्रत्येक वेळी कोरं असतं, म्हणून तिथे बिल्ड झालं तर मित्राकडे न होण्याचं कारण त्याच्याच मशिनवर शोधायचं. मार्केटप्लेसचं टोकन, म्हणजे तिथे प्लगिन चढवायची गुप्त किल्ली, मात्र कधीही फायलीत लिहून पुश करू नका, ते अ‍ॅक्शन्सच्या सीक्रेट्समध्ये ठेवा.

तर क्रम असा ठेवा: रोजच्या आयडीईतून तुमचं प्लगिन काढा, बिल्ड फाइलमध्ये कोणती पिढी आहे ते बघा, टूलचेन लिहा, एकदा चांगल्या नेटवर पूर्ण बिल्ड करून घ्या, मग ऑफलाइन क्लोनची तपासणी करा. व्हीएस कोड या दुसऱ्या एडिटरसाठी लिहिणाऱ्यांनाही हीच विचारसरणी लागू पडते. तिथे एफ-५ दाबल्यावर वेगळी विंडो उघडते, पण तुमची इतर एक्स्टेंशन्स तिच्यात येतात. ती बंद ठेवायचा पर्याय लाँचच्या फाइलमध्ये लिहा आणि पॅकेज-लॉक फाइल गिटमध्ये ठेवा.

एवढं करूनही अडलं तर इथे दोन गोष्टी टाका: ग्रेडलने दाखवलेल्या एररच्या मजकुराच्या पहिल्या पंधरा-वीस ओळी, आणि सँडबॉक्सच्या लॉग फोल्डरमधल्या 'आयडिया डॉट लॉग'चा तुमच्या प्लगिनचं नाव आलेला भाग. रोजच्या आयडीईचा लॉग नको, त्याचा इथे उपयोग नाही. सोबत ग्रेडलची आणि जावाची आवृत्ती लिहा. मित्राकडचंही तसंच वेगळं टाका, दोन्ही शेजारी ठेवून बघू.